काचेतली ठिणगी आणि माझा हेवा

मी एक जुना प्लग आहे. मित्रांनो, भिंतीत खोचतात तो प्लग नव्हे. फटफटीच्या इंजिनाच्या डोक्यात पिळून बसवतात आणि आत ठिणगी पाडून जो पेट्रोल पेटवतो, तो मी. चिनी मातीचं पांढरं अंग, सहा कोनांची लोखंडी कंबर, खाली जाड आटे आणि आट्यांच्या टोकाशी नाकासारखी एक वाकडी पट्टी. माझ्या मधल्या दांडीतून वीज त्या पट्टीवर उडी मारते. तीच ठिणगी, आणि तेवढाच माझा तोरा.

माझी गोष्ट ऐकाल तर तिच्यात कामापेक्षा हेवाच जास्त निघेल. पण जे आहे ते सांगावं. देवापुढे आणि मुलांपुढे खोटं बोलू नये.

माझं अंग कुठल्याशा दूरच्या कारखान्यात भाजलं गेलं. तिथलं काही आठवत नाही. मला समज आली ती जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, रंभाजींच्या हातात. रंभाजी त्यांच्या राजदूत गाडीवर दुधाचे कॅन बांधून जामखेडला जात. गाडी कधी कुरकुरली की ते मला काढत, कापडानं पुसत, वायरीला जोडून इंजिनाच्या डोक्यावर आडवं ठेवत आणि किक मारत. मी टचकन निळी ठिणगी टाकायचो. रस्त्यानं जाणारे थांबायचे. रंभाजी आपल्या थोरल्या मुलाला, भीमराजला, बोलवून म्हणायचे, "बघ, कशी निळीशार पडती. हा प्लग म्हंजी आपल्या गाडीचा जीव हाय."

असं कौतुक ज्याच्या कानावर रोज पडतं, त्याला दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही. माझंही तेच झालं. रंभाजींनी हेडलाइटची काच पुसली तरी मला वाटायचं, तिला कशाला एवढं गोंजारायचं?

पुढे रंभाजी देवाघरी गेले. गाडी विकली गेली, पण भीमराजनं मला काढून ठेवलं. "आबांच्या हातचा हाय," म्हणाला. तो वेशीजवळ गॅरेज चालवायचा, आणि गॅरेजच्या मागेच घर. त्याच्याकडे एक जुना जनरेटर होता, जाड आट्यांचा प्लग लागणारा. त्यात मी बसलो. वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा, कॉम्प्रेसर चालायचा, पंक्चरं निघायची. मी पुन्हा घरचा कर्ता झालो, असं मला वाटलं.

त्याच सुमारास भीमराजच्या आईची, भागिरथीबाईंची, छाती कमजोर झाली. मोठ्या आजारातून वाचल्या, पण फुप्फुसं साथ देईनात. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. भीमराजचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर पुण्याला कंपनीत आहे. त्यानं ते मशीन घेऊन पाठवलं. पांढरं, गुळगुळीत, हळू गुरगुरणारं. त्याची नळी नाकाला लावली की म्हातारीच्या ओठांचा निळेपणा जायचा.

आणि मग सुरू झालं ते एकच वाक्य. कुणी भेटायला आलं की भागिरथीबाई नळीला हात लावून म्हणायच्या, "माझ्या ज्ञानूनं पाठवलंय. त्याच्यामुळं जित्ती हाय."

भीमराज तिथंच असायचा. रोज पहाटे आईला उठवून बसवणारा, तिची पाठ शेकणारा, औषधं देणारा. वीज गेली की जनरेटरकडे पळणाराही तोच. त्याचं नाव कुणी घेत नसे.  ते वाक्य ऐकून तो गॅरेजात आला की पाना जोरात आपटायचा. मला त्याचं दुखणं लगेच ओळखू आलं. ज्याच्या पोटात तीच कळ आहे, त्याला दुसऱ्याची कळते.

त्याची बायको माधुरी सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं धरणारी. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट घेत नसे. ती एकदा हळूच म्हणाली, "अहो, धाकटे भाऊजी देतात ते दिसतं. तुम्ही करता ते दिसत नाही. देवाला दिसतं तेवढं पुरे."

"देवाला दिसून आई बोलायची हाय का?" भीमराज म्हणाला आणि उठून गेला.

मग त्याच्या डोक्यात आलं की पेट्रोलवर किती दिवस भागवायचं? दारात दोन गाई होत्या, मागे गोबरगॅसची टाकी होती. जनरेटर गोबरगॅसवर चालवला तर आईचा श्वास आपल्या घरच्या गॅसवर चालेल, आपल्या हातानं. ज्ञानूच्या मशीनला जीव देणारं काहीतरी आपलंही असेल. त्यानं जनरेटरचा कार्ब्युरेटर उतरवला, गॅस आणि हवा मिसळणारा एक जुगाडी मिक्सर बसवला आणि दोरी ओढली.

इंजिन खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. चार फेरे फिरायचं आणि गप्प.

भीमराजनं मला काढलं. बापाच्या रीतीनं इंजिनाच्या डोक्यावर आडवं ठेवून दोरी ओढली. मी जीव ओतून ठिणगी टाकली. निळी, जाड, आवाज करणारी. तो डोकं खाजवत बसला. बाहेर एवढी ठिणगी आणि आत काय होतं?

आता त्याचं कारण शाळेत शिकवतात, मित्रांनो, पण भीमराजला ते स्वतःच शोधायचं होतं. बाहेर मोकळी हवा असते. इंजिनाच्या आत मात्र दट्ट्या वर येऊन वायू दाबून धरतो. दाबलेल्या वायूतून विजेला उडी मारणं जड जातं. आणि गोबरगॅसमध्ये न जळणारा वायूही पुष्कळ असतो. भीमराजला वाटलं, आत काय घडतं ते डोळ्यांनी बघता आलं तर?

श्रीगोंद्याकडच्या भंगारवाल्याकडून त्यानं एक पितळी नळकांडं आणलं. साखर कारखान्यातल्या रसाच्या पाइपाला आत डोकावायला जाड काच बसवलेली असते, तसलं. एका बाजूनं प्लग बसवायला आटे पाडले, दुसऱ्या बाजूनं वायू आत सोडायला चावी लावली, वर दाब दाखवणारा काटा. पेट घेणारा वायू काचेत भरायचा नाही, एवढं भान त्याला होतं. तो गेला सोडावॉटरच्या गाडीवाल्या गहिनीनाथकडे.

"तुझा सोड्याचा सिलिंडर दुपारपुरता दे."

गहिनीनाथ हसला. "काय भीमाभाऊ, प्लगला ढेकर काढायचीय व्हय?"

पण सिलिंडर त्यानं दिला, आणि तमाशा बघायला मागोमाग आलाही.

पहिला मान मला मिळाला. मी काचेआड बसलो. वायर लागली. दाब नव्हता तेव्हा माझी ठिणगी अशी चमकली की गहिनीनाथ "वा" म्हणाला. मी फुललो. मग भीमराजनं चावी फिरवली. सोड्याचा वायू फुसफुसत आत आला, काटा वर सरकला. माझी ठिणगी बारीक झाली. काटा आणखी सरकला. ठिणगी अडखळली, वाकडी झाली. आणखी दाब आला, आणि मी विझलो. वीज माझ्या अंगातून जात होती, पण पट्टीपर्यंत पोहोचत नव्हती.

"आरं, ह्यो तर बाहेरचाच पैलवान निघाला," गहिनीनाथ म्हणाला.

मित्रांनो, ते वाक्य माझ्या अंगात आजही रुतून आहे.

त्यानंतर भीमराजनं आणखी प्लग आणले, भंगारातले, जाड आट्यांचे. एकाची पट्टी जास्त वाकवून जागा कमी केली. एकाच्या पट्टीला कानसनं खाच पाडली. काही दाबाखाली तडतडले, काही विझले. शेवटी एक पोरगेला प्लग घेऊन त्यानं त्याची पट्टी अर्धी कापूनच टाकली. उरलेल्या टोकाला घासून धार काढली आणि मधल्या दांडीच्या अगदी जवळ आणलं. दिसायला तो भयंकर. माधुरी बघून म्हणाली, "अगं बाई, नकटा केलात की हो ह्याला."

तेव्हापासून त्याचं नाव नकटा.

उघड्यावर नकट्याची ठिणगी तिळाएवढी. मी मनात म्हटलं, झालं, हाही गेला. पण काचेआड दाब चढत गेला आणि ती तिळाएवढी ठिणगी तशीच राहिली. काटा मी विझलो होतो त्याच्याही पुढे गेला. नकटा टिकटिक करत उजळतच होता. माधुरी पदर सावरून काचेशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "समईच्या वातीसारखी दिसतीय. हलत पण न्हाई."

माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. जीव म्हटलं होतं, निळीशार म्हटलं होतं. समईची वात कुणी म्हटलं नव्हतं. मी बाकावर पडून त्या कापलेल्या नाकाकडे बघत राहिलो. ज्याला नाक नाही, त्याला देवघरातली उपमा!

नकटा जनरेटरमध्ये बसला. भीमराजनं दोरी ओढली आणि इंजिन गोबरगॅसवर धडधडू लागलं. त्या दिवशी भीमराज लहान पोरासारखा धावत घरात गेला. मला वाटलं, आता तरी म्हातारी काही म्हणेल. ती म्हणाली, "व्हय का? बरं झालं. ज्ञानूचं मशीन आता बंद पडायचं न्हाई."

तो तसाच परत आला. मी पत्र्याच्या डब्यात, वायसर आणि वाकड्या खिळ्यांत. तो बाकाशी. आमच्या दोघांच्याही अंगावर त्या दिवशी कुणी हात फिरवला नाही.

डब्यातले दिवस वाईट. वीज गेली की मागून नकट्याचा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाज मला टोचायचा. मी रोज एकच मागणं मागायचो. नकट्यावर काजळी धरो. त्याचं टोक झिजो. मला एकदा पुन्हा बोलावणं येवो.

मग नवरात्र आलं. माधुरीचे नऊ दिवस उपवास, पायांत चप्पल नाही, घटापुढे अखंड दिवा. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर-कोयता पुजतो, गॅरेजवाला पाने आणि हातोडे. पाटावर मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, ही रीत. त्या सकाळी भीमराजनं नकट्याला काजळी साफ करायला काढलं होतं. माधुरीनं पाट मांडला. पाने, हातोडी, कानस, आणि मधोमध नकटा. त्याच्या कापलेल्या नाकावर हळदीचं बोट, कुंकवाचा टिळा, वर झेंडूचं फूल. मी डब्याच्या फटीतून बघत होतो. रंभाजींच्या हातचा मी, आणि एक अक्षत माझ्या वाट्याला नाही.

भीमराज म्हणाला, "अगं, त्याला नको ठेवू. लाइट गेली तर?"

"सणाला लाइट नाही घालवायचे. आणि इन्व्हर्टर आहे की," माधुरी म्हणाली. खरंच, तिला सर्वांत जास्त पूजा करावीशी वाटली ती त्याचीच. त्याच्यावर सासूचा श्वास होता.

दुपारी वीज गेली. कुठं तरी तार तुटली होती, लवकर यायची नव्हती. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. ती थोड्या वेळात शिट्टी वाजवू लागली. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरायला जामखेडला पाठवलेला. मशीनचा गुरगुराट मंद झाला आणि थांबला. भागिरथीबाईंनी पलंगाची कड धरली.

भीमराज पाटाकडे वळला. माधुरी मध्ये आली नाही, नको म्हणाली नाही, पण तिचे हात जुळलेले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. नऊ दिवसांचं व्रत, आणि मांडलेली पूजा मोडायची. भीमराज थबकला. मग त्याची नजर डब्यावर गेली.

"आबांचा हाय की," तो म्हणाला.

मित्रांनो, तो क्षण माझा. त्यानं मला काढलं, फुंकर मारली, पट्टी ठोकून जागा कमी केली. मी काचेआड विझलो तो जागा मोठी होती म्हणून, अशी त्याची समजूत. मग काचेच्या नळकांड्यात बघायला वेळ कुठला? घाईत माणूस बापाची सवय धरतो. मला जनरेटरच्या डोक्यावर आडवं ठेवून त्यानं दोरी ओढली. मी असली ठिणगी टाकली की माधुरीच्या तोंडून "देवा पांडुरंगा" निघालं. मी पाटावरच्या त्या नकट्याकडे बघितलं. बस आता फूल डोक्यावर घेऊन.

मला पिळून बसवलं. दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा, पुन्हा. दट्ट्या वर आला की वायू माझ्यावर दाबून येई आणि माझी वीज पट्टीकडे जाण्याआधीच दुसरीकडे निसटे. कुठं, ते मला कळेना. मी जोर लावत होतो. खरंच लावत होतो. भीमराजच्या हाताला दोरीचे वळ उठले.

आतून म्हातारीचा तुटका आवाज आला. "ज्ञानूला... सांगा कुनीतरी... मशीन बंद पडलं."

भीमराजचा हात दोरीवर थांबला. माझ्याजवळ वाकलेला त्याचा चेहरा मी पाहिला. आई मरणाच्या दारात होती आणि हाक धाकट्याला मारत होती. हेव्याला वेळकाळ कळत नाही. मला ते ठाऊक होतं. पण त्यानं दोरी सोडली नाही.

तेवढ्यात माधुरी पाटापुढे बसली. चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटावर वाहिल्या आणि शांत आवाजात म्हणाली, "पुन्हा ये रे बाबा. आज लवकर जा." तिनं स्वतःच उत्तरपूजा केली, पाट किंचित उत्तरेला सरकवला, नकटा उचलला आणि पदरानं त्याच्या नाकावरची हळद पुसत आली.

"अगं, पण तुझं व्रत..."

"श्वास मोडून कसलं व्रत पाळू? घ्या. लवकर घ्या."

मला काढून मातीत टाकलं. नकटा बसला. एक दोरी. इंजिन धडधडलं. घरात मशीन गुरगुरलं.

 हळूहळू म्हातारीचा श्वास ताळ्यावर आला, ओठांवर रंग परतला. माधुरी तिच्या पायाशी बसून होती. मी मातीत पडलो होतो आणि माझ्यावर कुणी पाय देऊ नये एवढंच मला वाटत होतं.

दसऱ्याच्या दिवशी शेजारच्या आक्काबाई आपट्याचं सोनं द्यायला आल्या. मशीनकडे बघून म्हणाल्या, "बरं हाय बाई तुझं, पोरानं एवढं मोठं यंत्र दिलं."

भागिरथीबाईंनी नळीला हात लावला. गॅरेजच्या दारात भीमराज होता. तो पुढचं वाक्य पाठ असल्यासारखा वळून निघाला.

"मशीन ज्ञानूनं दिलं," त्या म्हणाल्या. मग श्वास घ्यायला थांबल्या. "पन काल ते मेलं हुतं. मला वर आनलं ह्या भीमानं आन् ह्या पोरीनं. रोजच आनत्यात. मीच कधी बोलले न्हाई."

भीमराज दारातच उभा राहिला. पाठमोरा. मग न वळताच म्हणाला, "आक्का, च्या घेऊन जा." 

संध्याकाळी त्यानं मला मातीतून उचललं, धुतलं आणि काचेआड बसवलं. गॅरेजचं दार लोटून अंधार केला. दाब वाढवत नेला. तेव्हा दिसलं. माझ्या पांढऱ्या अंगावर, लोखंडी कंबरेच्या आत, केसाएवढी चीर होती. मोकळ्या हवेत वीज सरळ पट्टीवर उडी मारायची. दाब आला की ती सोपी वाट धरून त्या चिरेतून पळायची. चिरेवर उजेडाचा बारीक दोरा सरकताना मी स्वतः बघितला. किती वर्षांची होती कोण जाणे. वरून माझ्यावर कौतुक पडत होतं, म्हणून आत कुणी पाहिलंच नाही. मीही नाही.

भीमराजनं मला फेकलं नाही. कंबरेला लाल रंगाची रेघ मारली, म्हणजे पुन्हा कुणी इंजिनात बसवू नये. आता जामखेडची, खर्ड्याची गाडीवाली पोरं येतात, प्लग इंजिनाच्या डोक्यावर ठेवून किक मारतात आणि म्हणतात, ठिणगी तर झकास आहे, मग गाडी का बंद पडते? तेव्हा भीमराज मला काचेआड बसवतो. मी आधी झगमगतो, मग त्यांच्यासमोर विझतो. पोरं "हात्तिच्या" म्हणतात आणि त्यांना पटतं. विझून दाखवणं, हे आता माझं काम आहे.

नकट्याचा हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. मागं इंजिन धडधडलं की अजून टोचतं. पण टोचलं तरी मी ऐकतो, कारण त्या आवाजाच्या पलीकडे एका म्हातारीचा श्वास चालू आहे.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. जुनी वस्तू जपा, पण जपण्याआधी तिला दाबाखाली तपासून बघा. चीर निघाली तर तिला फेकू नका, आणि तिच्यावर कुणाचा जीवही टांगू नका. खूण करा आणि तिला झेपेल ते काम द्या. आणि तुमच्या घरात जो कुणी रोज न दिसता आत बसून काम करतो, त्याचं नाव पाहुण्यांपुढे घ्या. त्यासाठी श्वास अडकायची वाट बघू नका.